मावशीचा कैदी

तुरुंग आणि चर्च एकाच रस्त्यावर होते, पण शेजारधर्म म्हणावा असं त्यांच्यात काही नव्हतं. रविवारी उपासना चालू असताना तुरुंगाचा भोंगा वाजला की पाळकसाहेब उपदेश थांबवायचे आणि भोंगा संपला की जिथं सोडलं होतं तिथूनच वाक्य पुन्हा उचलायचे. एवढीच काय ती ओळख.

चर्चची मंडळी संख्येनं लहान होती. दुकानदार, कारकून, शाळेत शिकवणाऱ्या बाया आणि निवृत्त माणसं. कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशा बेतानं ती इतकी वर्षं टिकली होती.

मग डोंगराकडच्या भागातून एका गवंड्याला त्या तुरुंगात आणलं गेलं. त्याचा गुन्हा असा, की तो ख्रिस्ती झाला होता आणि त्याच्या घरी आठवड्यातून एकदा प्रार्थनेला माणसं जमायची. गावानं आधी त्याला काम देणं बंद केलं, मग विहिरीवरून हाकललं आणि शेवटी एका दुपारी त्याचं घर पेटवलं. पोलीस आले ते पेटवणाऱ्यांना सोडून, ज्याचं घर जळलं त्यालाच घेऊन गेले. धान्याचं आमिष दाखवून लोकांना बाटवतो, असा आरोप. तिकडच्या तुरुंगात इतर कैद्यांनी त्याला झोडपलं, म्हणून त्याची रवानगी इकडे झाली. ही सगळी हकिकत पाळकसाहेबांना तिकडच्या कुणा पाळकानं फोनवर सांगितली आणि शेवटी तो म्हणाला, "माणूस तुमच्या दारात आलाय. आता बघा काय ते."

पाळकसाहेबांनी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांना घरी बोलावलं. चहा द्यायला खानावळवाली मावशी आली होती. ती वडीलजनांत नव्हती. नवरा गेल्यावर तिनं भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत टेबलं मांडून खानावळ सुरू केली होती, आणि मंडळीत काहीही असलं की चहापाण्याचं तिच्याकडे, हे ठरलेलं होतं.

"त्याला भेटायला कुणीतरी जायला हवं," पाळकसाहेब म्हणाले.

कुणी छताकडे पाहिलं, कुणी बुटांकडे. बेकरीवाले सगळ्यांत आधी बोलले, कारण गप्प बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "जायला काही नाही हो. पण माझा निम्मा माल सरकारी कचेऱ्यांत जातो. उद्या कुणी म्हणालं, हे त्या बाटवणाऱ्याचे सगेसोयरे, तर? आणि तो आपल्या मंडळीचा तरी कुठंय?"

"मग कुणाच्या मंडळीचा आहे?" मावशीनं विचारलं. ती कपबश्या गोळा करत होती.

"असेल कुठल्यातरी."

"ती इथं आहे का?"

बेकरीवाल्यांनी बिस्किट खाल्लं.

शेवटी मावशीच म्हणाली, "जेवण मी देते. एवीतेवी चूल पेटलेलीच असते. भेटायला मात्र सोबत एखादा पुरुषमाणूस द्या, मला तिथलं बोलणं कळायचं नाही." तेव्हा घड्याळं दुरुस्त करणारे काका उभे राहिले. ते इतके कमी बोलायचे की ते सभेत आहेत हे पुष्कळांच्या लक्षातच नव्हतं.

तुरुंगाच्या दारावरच्या शिपायानं डब्याची झाकणं उघडायला लावली, भातात चमचा खुपसून पाहिला आणि चमचा चाटला. "चांगलंय," तो म्हणाला आणि त्यांना आत सोडलं.

भेटीची खोली लांबट होती आणि मधोमध दुहेरी जाळी. अलीकडचे पलीकडच्यांशी बोलतात म्हणजे ओरडतातच. गवंडी आला. आडव्या बांध्याचा, एक डोळा अजून सुजलेला, हातांची बोटं चुन्यानं खाल्लेली. त्यानं दोघांकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"इथल्याच मंडळीतले," काका म्हणाले.

"कोणत्या मंडळीतले?"

काकांनी सांगितलं. गवंड्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मोठ्या माणसाला पाण्यात बुडवायचं सोडून तान्ह्या पोरांच्या डोक्यावर पाणी शिंपडून त्याला बाप्तिस्मा म्हणता, ते तुम्ही?"

काका गडबडले. मावशी जाळीजवळ सरकली. "हो, तेच. आणि मोठ्यांच्या पोटात चार घास घालतो, तेही आम्हीच. भात खाणार आहेस, की तुझ्या पंथात तोही बुडवून खावा लागतो?"

गवंडी क्षणभर बघतच राहिला. मग म्हणाला, "खातो."

पुढच्या भेटीला त्यानं आभार मानले आणि वर भात जरा फडफडीत होता असंही सांगितलं. परत येताना मावशी रस्ताभर बडबडत होती. "दात कोरायला काडी नाही आणि म्हणे भात फडफडीत! छळ सोसलेली माणसं कशी मऊ असतील असं वाटलं होतं मला." पण दुसऱ्या दिवशी तिनं तांदळात पाणी वाढवलं.

असं ते चालू राहिलं. काका घड्याळाच्या काट्यासारखे वेळेवर यायचे, मावशी डबा भरायची आणि जाळीच्या दोन्ही बाजूंनी बाप्तिस्म्यावर वाद चालायचा. गवंड्याला पवित्र शास्त्र पाठ होतं. मावशीला पाठ नव्हतं, पण तिला हार मानायची सवय नव्हती. शिपायाला या भांडणात इतका रस वाटू लागला, की भेटीची वेळ संपली तरी तो लगेच हाकलत नसे.

मंडळीत त्याचा परिणाम दोन तऱ्हांनी दिसला. बेकरीवाल्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. चर्चच्या फाटकावर कुणीतरी काळ्या रंगानं शिवी लिहिली. खानावळीत जेवणारे दोन कारकून "पोटाला मानवत नाही" म्हणून दुसरीकडे जाऊ लागले, जरी त्यांची पोटं दिसायला उत्तम होती. काही कुटुंबं रविवारी येईनाशी झाली. बेकरीवाले येत राहिले, पण मागच्या दारानं. तुरुंगासाठी पावही पाठवायचे, तोही मागच्या दारानं, आणि पाव कुणाकडून आला हे सांगू नका म्हणायचे.

दुसरीकडे, उरलेल्यांना गवंड्याचा अभिमान वाटू लागला. आपला बंदिवान, असं लोक म्हणू लागले. पाळकसाहेबांचे उपदेश एकदम चढले. धीर धरणं, टिकून राहणं, अग्नीतून जाणं, हे विषय आजवर त्यांच्या वाट्याला असे कधी आले नव्हते. बाया रुमाल काढायच्या. एकदोनदा खुद्द पाळकसाहेबांनाही चष्मा पुसावा लागला.

अशा वेळी गवंड्याची बायको आली.

ती थेट खानावळीत येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पायांत वेगवेगळ्या जोडांच्या चपला. लेकीला आईकडे ठेवून आली होती. मावशीनं तिला बसवलं, जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर तिनं काही न विचारता भांडी घासायला घेतली. तिचा हात असा चालायचा की मावशी बघत राहिली.

"तूही त्याच्याबरोबरच ख्रिस्ती झालीस का गं?" मावशीनं विचारलं.

"तो नदीत उतरला, मी त्याच्या मागून उतरले. पाणी गार होतं एवढंच आठवतं."

"आणि आता?"

"आता काय? आता त्याच्यापायी घर गेलं, पोर आजोळी गेली." तिनं पातेलं उपडं घातलं. "विश्वास आहे मावशी. नाही असं नाही. पण त्याच्याएवढा नाही. त्याच्याएवढा असता तर मग पोरीकडे कुणी बघितलं असतं?"

बाहेरची बातमी तिनंच आणली होती. गावच्या वतीनं तिला निरोप मिळाला होता. गवंड्यानं न्यायाधीशांसमोर उभं राहून चूक कबूल केली, पुन्हा असं करणार नाही म्हणाला, तर तक्रार मागे घेऊ आणि प्रकरण मिटवू. दोन वाक्यांचा प्रश्न होता.

ती पाळकसाहेबांकडे गेली. मावशी सोबत होती. "तुमचं तो ऐकेल," ती म्हणाली. "त्याला सांगा, बोलून मोकळा हो म्हणावं."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "ताई, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न असतो. अशी दृढ माणसं फार थोडी. इथल्या मंडळीला त्याच्यामुळे केवढं बळ मिळालंय, तुम्हाला कल्पना नाही."

"आहे कल्पना," ती म्हणाली. "रविवारी मी शेवटच्या बाकावर होते. तुम्हाला उपदेशाला माझा नवरा तुरुंगात हवा. मला तो घरी हवा."

पाळकसाहेब मुळात भले गृहस्थ होते. त्यांना हे लागलं. त्यांनी टेबलावरच्या चष्म्याच्या घराची उघडझाप केली. मग उठले आणि म्हणाले, "चला."

पाळकसाहेब तुरुंगात पहिल्यांदाच जात होते. आजवर ते वाटेवरूनच प्रार्थना करत आले होते. जाळीपलीकडे गवंडी उभा राहिला तेव्हा त्यांना तो उपदेशातल्या माणसापेक्षा बराच बुटका वाटला. त्यांनी शब्द जुळवत सांगितलं, की त्यानं तसं बोलून सुटका करून घेतली तर मंडळी त्याला कमी लेखणार नाही. त्यांच्यासाठी तरी त्यानं आत राहू नये.

गवंडी बायकोकडे पाहत होता. "तुला काय सांगितलंय गावातल्यांनी? काय बोलायचं म्हणून?"

"चूक झाली, पुन्हा घरात माणसं जमवणार नाही."

"माणसं जमवणार नाही, हे म्हणतो मी. घरच नाही, जमवणार कुठं?" त्याला हसू आलं आणि गेलं. "पण एवढंच नाही बोलायचं. तुरुंगाच्या साहेबांनी मला बोलावून पढवलंय. म्हणायचं, की जी माणसं यायची त्यांना मी धान्य देऊन आणत होतो. आणि नाव घ्यायचं एकीचं. वरच्या आळीतल्या म्हातारीचं. धान्याच्या लोभानं यायची म्हणायचं."

बायकोनं जाळीला धरलं.

"ती आपल्याकडे का यायची, तुला ठाऊक आहे," गवंडी म्हणाला. "गुडघे धरून टेकडी उतरायची. तिला मी मूठभर धान्याला विकत घेतली, असं चारचौघांत बोलू? उद्या तिनं गावात तोंड कसं दाखवायचं?"

जाळीच्या दोन्ही बाजूंना बाकीची माणसं ओरडत होती. बायकोनं जाळीला धरलेला हात सोडला. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. लेक झाली तेव्हा त्या म्हातारीनंच तिचं बाळंतपण केलं होतं. घर पेटलं तेव्हा सगळं गाव दार लावून बसलं होतं आणि ती एकटी घागर घेऊन आली होती.

परतताना तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. खानावळीत आली आणि कांदे चिरायला बसली. मावशी जवळ बसली तेव्हा म्हणाली, "राग गेलेला नाही माझा. फक्त आता कुणावर काढू ते कळत नाही."

"माझ्यावर काढ," मावशी म्हणाली. "पण कांदा जरा बारीक चिर."

मग काकांनी एक वकील गाठला. त्याचं घड्याळ त्यांच्याकडे वर्षानुवर्षं दुरुस्तीला येत असे. वकिलानं जामिनाचा अर्ज लावला. न्यायाधीशांनी सांगितलं, की आरोपी परगावचा आहे, तेव्हा शहरात स्वतःचं घर असलेल्या दोन माणसांनी त्याची हमी घ्यावी. खटला संपेपर्यंत त्यानं शहर सोडू नये.

एक काका झाले. दुसऱ्यासाठी पाळकसाहेब दारोदार फिरले. त्यांचं स्वतःचं घर मंडळीच्या मालकीचं, ते चालणार नव्हतं. मावशी भाडेकरू. बेकरीवाल्यांकडे घर होतं, बेकरीही होती. त्यांनी पाळकसाहेबांना आत घेतलं, दार लावलं, केक खाऊ घातला आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "पाळकसाहेब, मी भित्रा माणूस आहे. पाव मागा, पोतंभर देतो. नाव मागू नका."

पाळकसाहेबांना राग आला नाही. काही आठवड्यांपूर्वी आला असता.

शेवटी हमी दिली ती मावशीच्या घरमालकानं. हे आजोबा वरच्या मजल्यावर एकटे राहायचे, खाली येऊन जेवायचे, जन्मभर रेल्वेत सिग्नलवर काम केलेलं आणि आता ठार बहिरे. ख्रिस्ती नव्हते, दुसऱ्या कुठल्या धर्माचेही फारसे नव्हते. मावशीनं त्यांच्या कानाशी ओरडून सगळी कथा सांगितली. अर्धी गल्ली ऐकत होती, त्यांना मात्र किती कळलं देव जाणे. न्यायाधीशांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही आरोपीला ओळखता का?"

प्रश्न पुन्हा ओरडून सांगावा लागला.

"नाही हो," आजोबा म्हणाले. "ह्या बाईला ओळखतो. तिनं मला कधी शिळं वाढलेलं नाही. माणूस तरी शिळा का आणेल?"

न्यायालयात हसू फुटलं. न्यायाधीशांनी हातातली लेखणी ओठांवर आडवी धरली आणि जामीन मंजूर केला.

गवंडी खानावळीच्या मागच्या खोलीत राहायला आला. पहिले काही दिवस तो दार वाजलं की उभा राहायचा. बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायची. एका सकाळी मावशीला मागून भांडणाचा आवाज आला. बायको बोलत होती, बोलत होती, विहीर, घर, लेक, नदी, सगळं काढत होती, आणि गवंडी एकाही गोष्टीला शास्त्रातलं वचन न सांगता ऐकून घेत होता. मावशीनं रेडिओ मोठा केला, गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यानंतर दोघं एका ताटात जेवू लागली.

रविवारी तो चर्चमध्ये यायचा. गाणी मोठ्यानं म्हणायचा, बहुधा बेसूर. प्रभुभोजनाची भाकर वाटायची वेळ आली की मात्र उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा, कारण ह्या लोकांचा बाप्तिस्मा त्याच्या लेखी बाप्तिस्माच नव्हता. ज्यांनी रुमाल काढले होते त्या बायांना हे फार लागलं. "आपण एवढं केलं त्याच्यासाठी!" त्या म्हणाल्या. पाळकसाहेब म्हणाले, "त्यानं मत बदलावं म्हणून केलं असतं, तर आपल्यात आणि त्याच्या गावात फरक काय राहिला असता?" हे वाक्य त्यांनी उपदेशात घातलं नाही. ओट्यावर, गवंड्याच्या शेजारी बसून त्या बायांना म्हणाले. गवंडी म्हणाला, "तरी पाणी शिंपडणं चूकच," आणि दोघं पुढचा तासभर तेच बोलत बसले.

खटला उभा राहिला तेव्हा गावाकडून साक्षीला येणार होते त्यांतले बहुतेक आलेच नाहीत. घर पेटवण्याची गोष्ट निघेल, अशी वकिलानं बाहेर पुडी सोडली होती. आली ती म्हातारी. तक्रारीत तिचं नाव होतं, म्हणून सरकारी बाजूनंच तिला बोलावलं होतं. काठी टेकत ती पिंजऱ्यात चढली आणि आधी गवंड्याच्या बायकोकडे बघून म्हणाली, "वाळलीस गं."

"इकडे बघून बोला, आजी," सरकारी वकील म्हणाला. "आरोपीनं तुम्हाला धान्य दिलं होतं का?"

"ह्यानं? ह्याच्याकडे कुठलं धान्य? भाज्यांची रोपं मीच दिली होती ह्याच्या बायकोला. तीही लावली वाकडीतिकडी."

"मग तुम्ही त्यांच्या घरी कशासाठी जायचात?"

"गाणी म्हणायचे. शेवटी सगळ्यांची नावं घेऊन देवाकडे मागायचे. माझं नाव घरात कुणी घेत नाही, तिथं घ्यायचे."

"म्हणजे तुम्ही ख्रिस्ती झालात?"

"अजून विचार करतेय," म्हातारी म्हणाली. "घाई आहे का?"

त्या दिवशीच निकाल लागला नाही. तारखा पडल्या, न्यायाधीशांना एकदा पडसं झालं, पण पुढं गवंडी सुटला. घर जाळणाऱ्यांवर काही कारवाई झाली नाही. वकील म्हणाला, तेही लढता येईल. गवंडी आणि त्याची बायको एकमेकांकडे बघून नको म्हणाले. म्हातारी निकालाआधीच गावी परतली होती. तिच्या वाटेला कुणी गेलं नाही, कारण तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

गावी मात्र त्यांना जाता येणार नव्हतं. बायकोच्या भावानं नदीच्या खालच्या अंगाला एका वाढत्या शहरात काम पाहिलं. तिथं नवी घरं उठत होती आणि गवंडी कमी पडत होते. निघायच्या दिवशी काका, पाळकसाहेब आणि मावशी बसपर्यंत गेले. बेकरीवाले फिरकले नाहीत, पण पावाची पिशवी आली. ह्या वेळी ती पुढच्या दारानं आली, आणि आणणाऱ्यानं बेकरीचं नाव सांगितलं.

गवंड्यानं काकांचे दोन्ही हात धरले. मग मावशीला म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळे चुकीचं शिकलाय. पण माणसं खरी आहात."

"चल, बस सुटेल," मावशी म्हणाली.

त्यानंतर मावशी एकदा त्यांच्याकडे राहून आली. घर एका खोलीचं, भिंतींना गिलावा अजून ओला. लेक शाळेत जाऊ लागली होती. आठवड्यातून एकदा शेजारपाजारची दोन-तीन माणसं येऊन बसायची. पुन्हा सुरू करायचं की नाही, यावर नवरा-बायकोचं बरंच वाजलं होतं. शेवटी होकार तिनंच दिला होता, पण तिच्या अटीवर. सभा चालू असताना दार सताड उघडं ठेवायचं आणि उंबऱ्यावर ती स्वतः बसणार.

"भीती नाही वाटत?" मावशीनं विचारलं.

"वाटते की," ती म्हणाली. "म्हणून तर उंबऱ्यावर बसते. कोण येतंय ते आधी मला दिसतं." मग तिनं लेकीला हाक मारली, शेजारणीला बसायला चटई सरकवली आणि आतून गाणं सुरू झालं तशी रस्त्याकडे तोंड करून तीही म्हणू लागली.